कोपराखाली आठ बोटं

जेवणाची भांडी घासून झाल्यावर शालन स्वयंपाकघराच्या उघड्या फरशीवर पाठ टेकते. पाचच मिनिटं, असं ती स्वतःला बजावते. पाच मिनिटांची डुलकी पाच मिनिटांत संपल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही, पण आज तिला खरोखरच झोपायचं नाही. चार वाजता इलाहीभाई गवंडी यायचा आहे, आणि त्याला एक गोष्ट सांगायची की नाही हे तिचं अजून ठरत नाही.

बाकी सगळं ठरलंय. आठ दिवस बसून तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी केलीय. भिंतीला टाइल्स, त्याही दुकानात उरलेल्या, तीन तऱ्हेच्या पांढऱ्या. नीट बघितलं तर फरक कळतो, पण नीट बघणाऱ्यांना चहाच द्यायचा नाही असं तिनं ठरवलंय. भंगारवाल्याकडून आणलेलं स्टीलचं सिंक तिनं चिंच लावून असं घासलंय, की बघितलं तर तो परत मागेल. खिडकीची चौकट बदलायची नाही, खरवडून घ्यायची, आणि रंग तिचा तीच देणार. तिचा नवरा दिनकर इचलकरंजीतल्याच एका यंत्रमाग कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर आहे. त्याच्या पगारात घर नवं होत नाही, पण धड करता येतं. सगळं सामान काल रात्रीच पुढच्या खोलीत गेलंय. इथं आता चार भिंती, ती आणि ओटा.

यादीत शेवटचा शब्द ओटा हाच आहे, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

शालन साडेपाच फूट उंच. ओटा तिच्या मांडीपाशी येतो. लग्न होऊन आली त्या दिवसापासून सव्वीस वर्षं ती त्याच्यावर वाकून स्वयंपाक करते आहे, आणि आता कंबर अशी झालीय की सकाळी उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हात टेकायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. इलाहीभाईनं मागच्या रविवारी ओटा ठोकून बघितला आणि म्हणाला, "वहिनी, कडप्पा चांगला आहे, तोच ठेवू. तो उचलायचा, खाली विटांचे दोन थर चढवायचे, परत ठेवायचा. एका दिवसाचं काम. खर्च म्हणाल तर नावाला." दिनकर म्हणाला, "कंबर तुझी, तूच ठरव." झालं. पुरुषांनी असं मोठ्या मनानं सोपवलं की बाईला पळायला वाट राहत नाही.

तिला ते का ठरवता येत नाही, ते दिनकरला माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत चकल्या तळताना तिच्या कमरेत अशी कळ आली, की डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाई, म्हणजे हौसाबाई, दारात बसून लसूण सोलत होत्या. शालन त्यांच्याकडे न बघताच म्हणाली होती, "तुम्ही गेल्यावर आत्याबाई, पहिल्यांदा हा ओटा फोडणार बघा मी." हौसाबाई काहीच बोलल्या नाहीत. लसूण सोलत राहिल्या. त्यानंतर त्या दीड वर्ष जगल्या, त्या दीड वर्षात शालननं त्यांचं सगळं केलं, शेवटचे तीन महिने तर अंथरुणातच. पण ते वाक्य काही तिला मागे घेता आलं नाही. आता त्यांना जाऊन सात महिने झालेत आणि गवंडी दाराशी येतोय. बोलल्याप्रमाणे अगदी शब्दन् शब्द खरं होतंय, याची तिला लाज वाटते.

नकोच, ती ठरवते. टाइल्स लाव म्हणावं आणि जा.

गल्लीतल्या मागांची खटखट फरशीतून तिच्या पाठीत येते. एक माग थांबतो. मग दुसरा. तिसरा कधी थांबतो ते तिला कळत नाही.

"ऊठ, फरशी गार हाय. कंबर धरंल."

हौसाबाई ओट्यावर बसल्या आहेत. हिरवं धारवाडी लुगडं, पाय खाली सोडलेले, आणि पाय चक्क हलवतायत, लहान पोरीसारखे. शेवटच्या तीन महिन्यांत ज्या पायांवरची चादर शालन सारखी करायची, ते हे पाय. तिला त्यांचं हलणं बघूनच इतकं बरं वाटतं, की बाकी काही विचारायचं सुचत नाही.

"आत्याबाई, ओट्यावर बसू नये," एवढंच ती म्हणते.

"का? मोडतोय व्हय?" हौसाबाई कडप्प्यावर थाप मारतात. "मजबूत बांधलाय. उभं ऱ्हाऊन बांधून घेतला होता मी."

"तुमच्या मापाचाच आहे. मजबूत असणारच."

तिला असं बोलायचं नव्हतं. सात महिन्यांनी भेट झाली आणि पहिलं वाक्य हे. पण हौसाबाई रागावत नाहीत. त्या मान वाकडी करून तिच्याकडे बघतात.

"माझ्या मापाचा? शालन, मी कवा उभी राहून भाकरी केली गं?"

शालन ओट्याखालच्या फरशीकडे बघते. खरंच की. हौसाबाई जन्मभर खाली बसून भाकऱ्या थापत आल्या. खाली परात, खाली स्टो, एक गुडघा वर घेऊन. या ओट्यापाशी त्या कधी उभ्याच राहिल्या नाहीत. सव्वीस वर्षं हे डोळ्यांसमोर होतं आणि तिला एकदाही दिसलं नाही.

"मग कुणाच्या मापाचा?"

"चल, दावते," म्हणत हौसाबाई ओट्यावरून उतरतात आणि तिचा हात धरतात. हात गरम आहे.

स्वयंपाकघराच्या दारातून त्या बाहेर पडतात ते थेट गडहिंग्लजला, शालनच्या माहेरच्या सोप्यात. जाजम अंथरलंय. जाजमावर पाहुणे बसलेत, पण त्यांचे चेहरे टाइल्ससारखे पांढरे आणि कोरे आहेत. फक्त एकटी कोपऱ्यातली बाई नीट दिसते. तरुण, ठेंगणी हौसाबाई. आणि मधल्या दारात पोह्यांचा ट्रे घेऊन एकोणीस वर्षांची शालन उभी आहे. तिची मावशी पडद्यामागून फुसफुसते, "गुडघे वाकव. साडीत कोण बघतंय? मुलगा तुझ्याएवढाच हाय, ताठ उभी राहिलीस तर जमायचं नाही."

आणि ती पोरगी साडीच्या आत गुडघे वाकवते, खांदे पाडते, मान घालते. चांगली पाच-सहा बोटं बुटकी होते. शालनला तिचे मांडीतले गोळे आठवतात. पोहे संपेपर्यंत पाय थरथरत होते.

"मी दाराच्या कडीवर माप धरलं," शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या हौसाबाई सांगतात. "कोपर कुठवर येतंय बघितलं. म्हटलं, माझं आयुष्य धुरात खाली बसून गेलं. ही पोर उभी राहून करंल. गल्लीत कुणाच्यात ओटा नव्हता तवा. गवंड्याला म्हटलं, नव्या सुनंच्या मापाचा कर. वर शेगडी येणार, शेगडीवर भांडं येणार, म्हणून आन जरा खालीच घेतला. लई हिशेबी ना मी."

"आणि मग?"

"मग काय! लग्नात अंतरपाट धरला, आन अंतरपाटाच्या वरनं तुझं अख्खं कपाळ दिसाय लागलं. मुंडावळ्यांसकट. तवा कळलं, तू गुडघं वाकवलं होतंस. ओटा तर आठ दिवस आधीच वाळला होता."

शालन हसते. हसता हसता तिला रडू येतं, आणि दोन्ही एकदम चालू राहतं. सोप्यातले पाहुणे एकेक करून उठून जातात. ट्रे घेऊन उभ्या राहिलेल्या पोरीला कुणी सांगत नाही, की आता सरळ हो.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पोरगी दावताना फसवलं असं भावकी म्हणाली असती. तुझा बाप साधा माणूस. त्याची मान खाली गेली असती. म्हटलं, बोलंल हीच एक दिवस. तू काय बोलली न्हाईस."

"मला वाटलं, तुमचा ओटा. तो मोडा म्हणून मी कशी सांगणार?"

"दोघी बी शहाण्या," हौसाबाई म्हणतात.

त्या आता टाइल्सच्या दुकानात आहेत. पण मालक कासारासारखा मांडी घालून बसलाय, आणि त्याच्यामागे बांगड्यांच्या तोड्यांसारखे ओटे लटकलेत, लहान मापाचे, मोठ्या मापाचे, लाल, काळे, हिरव्या ठिपक्यांचे. बायका रांगेत बसून हात पुढे करतायत आणि तो कोपर दाबून माप सांगतोय. हौसाबाई सवयीनं त्याच्याशी घासाघीस सुरू करतात. कडप्पा आमचा हाय, सिंक आमचं हाय, तुझं फक्त माप, त्याला एवढं कशाला? मालक म्हणतो, मापालाच किंमत असते आई. शालनची पाळी येते तसं तिच्या लक्षात येतं, की आपण इथंसुद्धा खांदे पाडूनच बसलोय.

आता नाही विचारलं तर राहून जाईल, असं तिला एकदम वाटतं.

"आत्याबाई, मी दिवाळीत बोलले होते ते…"

"ऐकलं की. बहिरी न्हवते मी."

"मला तसं म्हणायचं नव्हतं. तुम्ही जावं असं मला कधीच वाटलं नाही, एका दिवसासाठीही नाही. तुम्ही काही बोलला पण नाहीत. नुसतं लसूण सोलत बसलात. मला वाटलं, तुटलं तुमचं मन."

हौसाबाई घासाघीस सोडून तिच्याकडे वळतात. दुकान, रांग, बांगड्या भरायला बसल्यासारखे हात पुढे केलेल्या बायका, सगळं मागे सरतं.

"येडी का काय तू. मला वाटलं, बरं झालं, चोवीस वर्षांनी का हुईना तोंड उघडलं हिनं. म्हणणारच होते, मी जायची वाट कशाला बघतीस, उद्याच फोड. तेवढ्यात तुझी चकली जळाली. तू रडाय लागलीस. म्हटलं, ऱ्हाऊ दे, उद्या बोलू." त्या शालनचा पदर सारखा करतात. "मग ते उद्या उद्या करत ऱ्हायलंच. माझं पण चुकलं की गं."

सासूनं सुनेला असं म्हणावं, ते जिवंतपणी कुठल्या घरात होतं? शालन वाकून त्यांच्या पाया पडायला जाते, तर हौसाबाई तिला दंडाला धरून वर ओढतात.

"बास झालं वाकणं. उभी ऱ्हा."

त्या परत स्वयंपाकघरात आहेत. खिडकीतून ऊन येतंय, आणि ते भिंतीवरून वर सरकण्याऐवजी खाली उतरतंय. शालन भिंतीला पाठ लावून उभी राहते.

"ताठ."

"ताठच आहे."

"न्हाईस. गुडघं बघ."

शालन साडीच्या आतले गुडघे सरळ करते. मग खांदे. मग मान उचलते. सव्वीस वर्षांत आपण किती उंच आहोत हे तिला कधी जाणवलं नव्हतं. हौसाबाईंचं डोकं तिच्या छातीशी येतं. त्या तिचं कोपर काटकोनात वाकवतात, कोपराखाली स्वतःची बोटं लावून मोजतात, चार, आणि हात खाली सरकवून आणखी चार. मग शेवटच्या बोटापाशी अंगठा टेकवून तो भिंतीवर लांबवर ओढतात.

"एवढं. आता गवंड्याला दाव. आन वाईच वर-खाली झालं तर लगेच बोल. चोवीस वर्षं थांबू नको."

"तुम्ही चहा घेऊन जा ना," शालन म्हणते. त्यांना थांबवायला दुसरं काही तिला सुचत नाही.

"साखर पुढच्या खोलीत हाय. ऱ्हाऊ दे," हौसाबाई म्हणतात, आणि तिच्या गालावरून हात फिरवतात.

कुणीतरी कडी वाजवतंय. एक माग सुरू होतो, मग दुसरा, मग सगळी गल्लीच खडखडायला लागते. शालन फरशीवर उठून बसते. गाल ओले आहेत. ती कुशीवर न वळता, हात न टेकता उठली, हे तिला उठल्यावर कळतं.

मग ती भिंत बघते.

ओट्याच्या वर, उखडलेल्या रंगावर, एक पिवळी रेघ आहे. हळदीची. हातभर लांब, शेवटी जरा जाड, अंगठा उचलतो तिथं. हळदीचा डबा कालपासून पुढच्या खोलीत, तीन पिंपांच्या मागे आहे. शालन स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून बघते. हात कोरडे आणि स्वच्छ, भांड्याच्या साबणाचा वास येणारे.

इलाहीभाई आत येतो, चप्पल दाराशी काढतो आणि पिशवी खाली ठेवतो. "काय ठरलं वहिनी? ओटा आहे तसाच?"

"दोन थर चढवा," शालन म्हणते. "या रेघेला आला पाहिजे."

तो टेप लावतो. पस्तीस इंच. मग पिशवीतून पाणसळ काढतो आणि रेघेला धरतो. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबतो. इलाहीभाई एक डोळा मिटून पुन्हा बघतो.

"हातानं मारलीय?"

"हो."

"कुणी?"

"आत्याबाईंनी."

इलाहीभाई हौसाबाईंच्या मातीला आला होता. तो शालनकडे बघतो, मग भिंतीकडे बघतो. सवयीनं खांद्यावरचं फडकं काढून भिंत पुसायला जातो, तशी शालन त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहते. ताठ.

"ती पुसू नका. टाइल्स तिच्यावरून बसवा," ती म्हणते. "माझ्या मापाची आहे."