टँकरवर न लागलेला दिवा

नवसाबिवसावर माझा फारसा विश्वास नव्हता. पण आमच्या सणसरच्या घरात आईपुढे कुणाचं चालत नसे. कारगिलची लढाई सुरू झाली तेव्हा धाकटा भाऊ पायदळात, तिकडे डोंगरावर होता आणि मी नौदलात. आईने परस्पर खंडोबाला बोलून टाकलं, की धाकटा सुखरूप घरी येईपर्यंत देवापुढचा दिवा एक दिवसही चुकणार नाही, घरीही आणि थोरल्याच्या जहाजावरही. मला विचारायची तिला गरज वाटली नाही. मी सुट्टीवर घरी होतो, ती रद्द झाली, तेव्हा बारामतीच्या स्टँडवर तिने माझ्या पिशवीत नीरांजन, वाती आणि काडेपेटी कोंबली.

एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. माझं जहाज म्हणजे तेलाचा टँकर. लढाऊ जहाजांना बंदरात परतावं लागू नये म्हणून आम्ही त्यांना भर समुद्रात तेल द्यायचो. दोन जहाजं शेजारी शेजारी एकाच वेगाने चालवायची, मध्ये तारेला टांगलेला जाड पाइप, आणि पाइप निघेपर्यंत सगळ्यांचा जीव मुठीत. अशा जहाजावर काडेपेटी बाळगणं हाच गुन्हा. मी ती मोज्यात लपवून नेली, पण काडी ओढायचा धीर झाला नाही. रोज देवाचं नाव घ्यायचो आणि उद्या बघू म्हणायचो.

मग भावाचं पत्र येईना. घरचंही येईना. दिवा लावला नाही म्हणून तर काही झालं नसेल ना, हा किडा डोक्यात शिरला तो निघेना. एरवी देवभोळ्यांची थट्टा करणारा मी, पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही. एका दुपारी दोरखंडांच्या कोठीत गेलो, दार ओढून घेतलं, नीरांजन मांडलं आणि काडी हातात घेतली.

तेवढ्यात दार उघडलं. इंजिनवरचा एक मल्याळी नौसैनिक दोर न्यायला आला होता. जहाजावर येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता, माझी नुसती तोंडओळख. त्याने नीरांजन पाहिलं, काडेपेटी पाहिली. ओरडला नाही. तळहात पुढे करून म्हणाला, "घर में सब ठीक है?"

भावाबद्दल मी जहाजावर कुणाकडेही बोललो नव्हतो. काडेपेटी त्याच्या हातावर ठेवली आणि त्याच्यासमोर रडलो. तो शेजारी बसून राहिला. थोड्या वेळाने वास घेऊ लागला. टँकरवर राहून आमची नाकं मेलेली, त्याचं अजून जिवंत होतं. आम्ही दोर बाजूला केले, तर खाली हेलिकॉप्टरचं तेल झिरपून साचलेलं. बंद कोठीत त्याच्या वाफेला एक काडी पुरली असती. त्याने तेलाची वर्दी लगेच दिली. काडेपेटीचं नाव शेवटपर्यंत काढलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही ठरल्याप्रमाणे दोन जहाजांना तेल दिलं.

लढाई संपली. भाऊ पाय अधू होऊन, पण जिवंत घरी आला. मी सुट्टीवर गेलो तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. शिव्या खायची तयारी ठेवून म्हणालो, "आये, म्या एक बी दिस दिवा लावला न्हाय."

तिने मान वर केली नाही. "माझा बी चुकला. भावकीत मयत झाली, सुतक आलं. धा दिस देवाला शिवायचं न्हवतं."

"मग?"

"मग काय. लांबनंच हात जोडलं. म्हनलं, देवा, माझ्या हातात हुतं तेवढं केलं. आता तुझं तू बघ."

भावाला गोळी लागली ती याच दहा दिवसांत. बर्फात पडलेल्या त्याला दोन अनोळखी जवानांनी उचलून खाली आणलं. त्यांची नावं त्याला आजही ठाऊक नाहीत. मी त्या दोघांना, त्या मल्याळी माणसाला आणि खंडोबाला एकदमच हात जोडतो, वेगवेगळे जोडता येत नाहीत. त्या दहा दिवसांत आमच्याकडून हात जोडण्यापलीकडे देवाकडे काहीच गेलं नव्हतं. जे आलं ते सगळं तिकडूनच आलं.