देवमणाचा घोडा आणि वस्तीची खरूज

आमच्या वाशिमकडे घोड्याची पारख भोवऱ्यांवरून करतात. अंगावरचे केस जिथे गोल फिरतात, तो भोवरा. गळ्यावर असला तर त्याला देवमण म्हणतात आणि असा घोडा घराचं सोनं करतो. भलत्या जागी असला तर मालकाला खातो. मी जन्मभर जनावरांचा डॉक्टर होतो. भोवऱ्याने मेलेला मालक मला भेटला नाही, भोवरे बघून शहाणा झालेलाही नाही.

किन्हीराजाच्या बाजूला एका जमीनदाराकडे असा देवमणाचा घोडा होता. लांबलांबून लोक त्याच्याकडे घोड्या फळवायला आणत. पावसाळा लागला की हाच घोडा आयाळ आणि शेपटीचं बूड खांबाला घासून रक्तबंबाळ करायचा. तेवढे महिने त्याला शेतातल्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, लपवत. मी तिथे जाऊन सुया टोचायचो आणि बांधावर बसून मालकाची भजी खायचो. केस परत आले की तेल लावून त्याला लोकांपुढे उभं करत. देवमण सगळे बघत. कातडीवरचे वण बघायची कुणाला गरज वाटत नसे.

जऊळक्याच्या एका बौद्ध कुटुंबाची वरातीची घोडी होती. त्या घरच्या माणसाने ती या घोड्याकडे आणली. झालेली शिंगी, म्हणजे मादी शिंगरू, देखणी निघाली. ती वरातीला उभी करण्याजोगी झाली, उन्हाळ्यात चार वरातीही तिने केल्या आणि लगेचच्या पावसाळ्यात घासायला लागली. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू झाल्या, तेव्हा तिची अर्धी आयाळ गेलेली होती.

जमीनदाराने लगेच निकाल दिला. "घोडा देवमणाचा हाय. वस्तीतल्या घाणीत नेऊन बांधलं तं खरूज होईन नाई तं काय?"

अनसिंगच्या बाजारात चारचौघांनी मला विचारलं. मी म्हणालो, "स्वच्छता ठेवायला पाहिजे." वाक्यात खोटं काही नव्हतं. तसलीच वाक्यं शोधण्यात माझी नोकरी गेली. डॉक्टरच असं म्हणतात म्हटल्यावर खरजेच्या घोडीवर नवरदेव बसवायला कोण तयार होणार? त्या घोडीवाल्याकडची वरातीची बोलावणी बंद झाली. तो तबेल्याला चुना मारत राहिला, घोडीला कडुनिंबाच्या पाण्याने धूत राहिला.

ती खरूज नव्हतीच. शरीराच्या पहारेकरी पेशींच्या अंगावर काही प्रथिनं असतात. बाहेरून आत शिरलेल्या वस्तूचा तुकडा ती उचलून धरतात आणि बाकीच्या पेशींना दाखवतात. शत्रू कोणता, ते यावरून ठरतं. ही प्रथिनं कशी घडणार ते जनुकांवर असतं, आणि त्यांची अर्धी शिदोरी बापाकडून येते. काही घोड्यांत ती अशा घडणीची असतात की पावसाळी चिलट चावलं तरी शरीर पिसाळतं. चिलटं सगळ्यांनाच चावतात, पण घासतं एखादंच. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. रक्तातून मात्र पुढे जाऊ शकतं. हे मी नोकरीत असतानाच वाचलं होतं.

यंदा शिमग्यानंतर कानावर आलं की जऊळक्याचा तो माणूस तीच घासणारी घोडी घेऊन जमीनदाराकडे निघालाय. जुना घोडा मेला, आता त्याच्याच पोटचा दुसरा आहे, देवमणाचा. आपल्या हातून विटलेलं रक्त देवमणाने सुधारेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. वस्तीची घाण आता त्यालाही खरी वाटत होती.

मी पोचलो तेव्हा घोडी खुंट्याला बांधलेली होती.

"या डॉक्टर, आज इकडं कसे काय?" जमीनदार म्हणाला.

"ही घोडी या घोड्याला दाखवू नका. दोघांचा बाप एक आहे. खाज त्या बापाची होती."

तो हसला. "म्हातारपणी भलतंच सुचून राह्यलं तुमाले. बापाच्या गळ्यावरचा देवमण पाह्यला नव्हता काय तुमी?"

"पाहिला होता. शेपटीखालचं रक्तही पाहिलं होतं. सुया मीच टोचल्या, तुमच्या शेतातल्या कोठ्यात."

भोवती जमलेली माणसं खाली बघायला लागली. त्यातल्या निम्म्यांनी तो कोठा पाहिलेला होता. माझ्याच जातीची माणसं ही, भजी खाऊन गप्प बसणारी.

घोडीवाला माझ्याकडे वळला. "म्हंजे तुमाले ठाऊक होतं."

"होतं."

"अन मी चुना मारत राह्यलो."

त्याने खुंट्याची दोरी सोडली. जमीनदार ओरडला, "अबे, आणली तशी वापस नेतं? मुहूर्त काढला म्या."

"मुहूर्त तुमच्या घोड्याच्या गयात बांधा," तो म्हणाला आणि घोडी फाटकाबाहेर काढली.

मी त्याच्या मागे निघालो. त्याच्याशी काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. रस्त्याला लागल्यावर त्याने मान न वळवता सांगितलं, "मांगून नका येऊ साहेब. घोडी लाथ मारते."

बँडच्या दणदणाटात, फटाक्यांत उभी राहिलेली घोडी ती. तिने आजवर कुणाला लाथ मारली नव्हती. मी तिथेच थांबलो.