पालथ्या बाबांना सांगितलेले सिंह

धंतोलीतल्या डॉक्टरांनी बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि घरी सोडताना सांगितलं, "आठ दिवस पालथं झोपायचं. बसलात तरी मान खाली. जेवतानासुद्धा." डोळ्याच्या पडद्याला बारीक भोक पडलं होतं. ते बुजावं म्हणून आत वायूचा बुडबुडा सोडला होता, आणि त्या बुडबुड्यानं पडदा दाबून धरायचा तर तोंड जमिनीकडेच हवं. बाबांनी निमूट ऐकून घेतलं. ऑटोत बसल्यावर मात्र मला विचारलं, "म्हणजे आठ दिवस मी फरशी पाहून राहू?"

बाबा नरखेडकडचे, संत्र्याची बाग करणारे. पायाला भिंगरी असलेला माणूस. माझ्या नागपूरच्या फ्लॅटमध्ये एरवीही ते दोन दिवसांच्या वर टिकत नसत. आता पलंगाच्या कडेला उशी रचून, तिच्यात कपाळ रोवून पडून होते. दर तासाला गावी माझ्या भावाला फोन लावायला सांगत आणि मोटर सुरू केली का, हे फरशीकडे बघत विचारत. रेडिओचा कंटाळा आला, भजनं लावली की झोप लागे, आणि उठले की आईशी पंख्याच्या वेगावरून भांडण.

मी सुट्टी घेतली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी सहज टीव्ही लावला. आफ्रिकेतल्या सिंहांचा कार्यक्रम होता, निवेदन इंग्रजीत.

"काय लावलं वं बाई?" उशीतून आवाज आला.

"सिंह आहेत, बाबा."

"काय करून राहिले?"

"झोपलेत."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"अजून झोपलेत. दिवसातले वीस-वीस तास झोपतात म्हणे."

"मंग माह्यासारखंच हाय त्याईचं," बाबा म्हणाले, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले.

त्या दिवसापासून दुपारी चारला सिंह हे ठरून गेलं. मी पाहायचं आणि सांगायचं. वरच्या मजल्यावरच्या काकूही येऊ लागल्या. त्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, घराणं भोसल्यांच्या काळापासून नागपुरातलं, बोलणं अगदी शुद्ध. बाबा पालथे असल्यानं दोघांची ओळख झाली ती नुसत्या आवाजावर.

शिकारीचा भाग आला तेव्हा मी जीव ओतून सांगितलं. पाच सिंहिणी गवतात पसरल्या होत्या. दोघी लांबचा वळसा घालून रानरेड्यांच्या पलीकडे गेल्या, बाकीच्या जमिनीला पोट लावून बसल्या.

"वारं कोणीकडून हाय?" बाबांनी विचारलं.

"ते कसं कळणार?"

"गवत कोणीकडं वाकून राहिलं, ते पाह्य."

मी पाहिलं. वारा सिंहिणींकडून रेड्यांकडे वाहत होता. बाबा म्हणाले, "मंग गेली शिकार." त्यांच्या बागेत रोही, म्हणजे नीलगाई, शिरतात, वास लागला की रोही कसा उधळतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. आणि खरोखरच रेड्यांनी माना वर केल्या आणि कळप धूळ उडवत निघून गेला. मी नंतर वाचून काढलं, तर सिंह वाऱ्याकडे फारसं लक्ष देत नाहीत आणि बहुतेक वेळा त्यांची शिकार हुकतेच, असं निघालं. बाबांना सांगितलं तेव्हा उशीत कपाळ असूनही त्यांचा चेहरा फुललेला मला कळला.

चौथ्यांदा शिकार साधली. लगेच मोठ्या आयाळीचा सिंह आला आणि सिंहिणींना हुसकावून आधी स्वतः जेवायला बसला. काकूंना ते मुळीच आवडलं नाही. "त्यांनी धावायचं आणि ह्यांनी जेवायचं?"

"तो हद्द राखते ना," बाबा म्हणाले. "दुसरा सिंह आला तर पिल्लं मारून टाकते. मंग हा नसन तर कोण भिडन त्याले?"

"भिडावं ना. पण ताटावर नंतर बसावं."

आई चहा घेऊन आली होती. "इथं तरी कोण आधी जेवते?" एवढंच ती म्हणाली. काकूंना हसताना ठसका लागला.

सातव्या दिवशी पिल्लांचा भाग होता. एका सिंहिणीभोवती सात पिल्लं दूध पीत होती. त्यातली तिची तीनच. कळपातल्या बहिणी-बहिणी साधारण एकाच सुमारास वितात आणि एकमेकींच्या पिल्लांनाही पाजतात, असं मी सांगत होते. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "तुलेही गावच्या मोठ्या काकूनं पाजलं. मले तेव्हा लई ताप होता, अन् तिचा पोरगा तुह्याच वयाचा."

एवढी वर्षं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तशीच उठले आणि मोठ्या काकूला गावी फोन लावला. ती म्हणाली, "अवं, त्यात काय सांगाचं? तू चावत मातर लई होती." मी हसत होते आणि डोळेही पुसत होते. पलीकडे ती विचारत होती, "काहून वं, रडून राहिली का तू?"

आठवडा संपला. बाबांनी मान वर केली. बुडबुडा विरघळायला आणखी काही आठवडे लागले. तो गवंड्याच्या लेव्हलमधल्यासारखा डोळ्यात हलतो, असं ते येईल त्याला सांगत. मग एक दिवस स्टँडवर डावा डोळा हातानं झाकून त्यांनी एसटीची पाटी वाचली. अक्षर थोडं वाकडं, पण वाचली. आणि तिथंच म्हणाले, "आता सिंह पाहाले जाऊ."

मी म्हटलं, "बाबा, वाघ दोन तासांवर आहे. सिंहासाठी पार गुजरातेत जावं लागेल."

"वाघ एकटा राहते. मले घरदार असलेलं जनावर पाहाचं हाय."

थंडीत आम्ही तिघं गीरला गेलो. सकाळच्या उघड्या जीपमध्ये आई शाल डोक्यावरून घेऊन बसली होती. गाइडनं बोट दाखवलं तिथं दोन सिंहिणी सागाच्या सुक्या पानांवर पहुडल्या होत्या. त्याच रंगाच्या, म्हणून आधी दिसल्याच नाहीत. तेवढ्यात ओढ्यातून तिसरी आली. पहिल्या दोघी उठल्या आणि तिघींनी एकमेकींच्या गालांना गाल, मानेला मान घासली. मागून चार पिल्लं धडपडत आली. एकानं आईच्या शेपटीचं टोक पकडलं आणि तिनं ते निवांत ओढू दिलं. इथले सिंह बहुधा वेगळे राहतात, सिंहिणींकडे कधीमधी येतात, असं गाइड म्हणाला. आईनं बाबांकडे पाहिलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं. डावा डोळा झाकून ते नुसते बघत होते.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर म्हशी राखणारा एक म्हातारा गुराखी भेटला. त्याला मराठी येत नव्हतं आणि बाबांना गुजराती. मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी सुरू झालं: किती म्हशी, किती दूध, सिंहानं किती नेल्या. नेल्या तेव्हा बाकीच्या म्हशी शिंगं बाहेर करून कशा गोल उभ्या राहिल्या, हे त्यानं टपरीवरचे कप मांडून दाखवलं. बाबांनी एक कप किंचित सरकवून विचारलं, "अन् इकडून आला तं?" म्हाताऱ्यानं विचार केला आणि आणखी दोन कप मागवले. आमची बस येऊन निघून गेली. आई म्हणाली, "जाऊ दे, दुसरी येईन," आणि तीही बाक पुढं ओढून बसली.