भिजवलेले हरभरे

आज तीस सप्टेंबर. इथल्या संघासाठी हरभरे भिजत घालताना त्या ओल्या वासाने लातूरचं घरासमोरचं मैदान आठवलं. त्र्याण्णव साली याच तारखेच्या भूकंपात आमच्या मोहल्ल्याच्या फुटबॉल संघातले दोघे गेले होते. त्यांच्या आठवणीसाठी भरवलेला सामना संघाने जिंकला, तेव्हा अख्खा मोहल्ला रडला. दुसऱ्या सकाळी सरावाला मात्र चौघेच आले. संघाला शिकवणारे म्हातारे चाचा धुळीतच बसले. म्हणाले, "रडायला समदे आले बेटी, पळायला कोनी न्हाई." पोरं पहाटे क्लासला जात, तिथून उपाशीच मैदानावर येत. मी म्हटलं, "चाचा, रडायला भरलेलं पोट लागत न्हाई, पळायला लागतं." संध्याकाळी माणशी एक मूठ हरभरे भिजवले आणि सकाळी पातेलं मैदानावर नेलं. माणसं मोजताना सवयीने, भूकंपात गेलेल्या त्या दोघांच्या मुठीही त्यात पडल्या होत्या. त्याही वाटून टाकल्या.