एकट्याला औषध न देणाऱ्या विमल सिस्टर

गुप्तांगावरच्या चामखिळी घेऊन आमच्या दवाखान्यात पुरुष कधी येतच नसे. यायचा तो त्या पुरुषाचा दोस्त. "एका दोस्ताले झालं हाय, औषध द्या," असं खाली मान घालून सांगायचा. विमल सिस्टर चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "दोस्ताले आन. त्याच्या बायकोलेही आन. एका पायात चप्पल घालून कोनी चालते काय?"

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. वांकिडीकडच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात मी औषधं द्यायचो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, बाकीचे दिवस सगळं सिस्टरच्या हवाली. रोगाबद्दल त्या खणखणीत बोलायच्या, रोग्याचं नाव मात्र कधी ओठांवर आणायच्या नाहीत.

गावाचा इलाज ठरलेला होता: बिब्बा. हातावरच्या चामखिळीला लावायचा तो बिब्बा आमच्या शहाण्यांनी नको तिथं लावला. मग गडी आठ-आठ दिवस पाय फाकवून चालायचे आणि उन्हाळी लागली म्हणून सांगायचे. "बिब्ब्यानं कातडं जाते, रोग नाई जात," सिस्टर कपाळाला हात लावायच्या. "याच्यावरचं औषध डागदर लावतीन. घरी हात लावू नोका."

एकदा गणपत पटेलांच्या बायकोला, रुक्माला, तसल्या चामखिळी निघाल्या. पटेल कापूस घेऊन भैंशाच्या बाजाराला जायचे आणि दोन दिवसांच्या कामाला पाच दिवस लावायचे, हे गावाला ठाऊक होतं. पण रोग दिसला रुक्माच्या अंगावर, म्हणजे चाल तिचीच वाईट! पटेलांनी काडीमोडासाठी पंच बसवले. दोन लेकरांची आई ती, चावडीच्या कोपऱ्यात पदर डोळ्यांवर ओढून उभी होती.

पंचांनी पुरावा म्हणून सिस्टरकडे दवाखान्याचा कागद मागितला. सिस्टर म्हणाल्या, "हा रोग कातडीले कातडी लागून जाते. आज लागला तर दिसाले महिने लागतात, कोनाले दिसतही नाई. आधी कोनाच्या अंगावर दिसला, त्याच्यावरून चोर ठरत नाई. तपासनी दोघांची करा. अन् जे जे भैंशाले जातात, त्यायचीही."

पंचांपैकी दोघांना एकदम म्हशीची धार आठवली.

आमच्याकडे फिर्यादी पंचांसमोर मांडी घालून बसल्याशिवाय फिर्याद ऐकत नाहीत. पटेल उभेच होते. सरपंच म्हणाले, "बसा ना, पटेल." पटेल म्हणाले, "उभाच बरा हाय." तिसऱ्यांदा सांगितल्यावर ते बसायला गेले, अर्ध्यात किंचाळले आणि तसेच वाकून राहिले. पुरावा मागायची गरजच नव्हती. चावडीला बिब्बा कळतो.

काडीमोड बारगळला. नवराबायको दोघांवर डॉक्टरांनी इलाज केले. सिस्टरनं पटेलांना बजावलं, "चामखीळ गेली तरी रोग अंगात राहू शकते, परत निघू शकते. निरोध वापरा. त्यानं धोका कमी होते, पुरा जात नाई. बाहेर शेन खानं आधी बंद करा." रुक्माची माफी मात्र कोणी मागितली नाही.

महिनाभरात सिस्टरविरुद्ध तक्रार गेली: बाई असभ्य बोलते. खाली सगळ्या पंचांच्या सह्या. मजकूर माझ्या अक्षरात होता. मला गावात राहायचं होतं, एवढंच माझं कारण, आणि आजही ते सांगताना लाज वाटते. बदलीचा हुकूम आला तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय तुमचं. बाटल्यायवरही असंच लिहीत जा."

त्या गेल्यानंतरच्या आठवड्यात रुक्मा माझ्या खिडकीशी आली. मागं रांग होती. स्पष्ट आवाजात म्हणाली, "निरोध द्या. धन्याले सांगतलं हाय, याच्याबिगर जवळ यायचं नाई." मी चटकन पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळली. तिनं कागद सोडला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "गुंडाळता काऊन? म्या काय चोरी केली?"