मंडळीच्या हॉलात ‘खाडा’

योहान भिंगारदिवेला मी चाळीस वर्षं ओळखतो, आणि या ओळखीचा खरा ताप मला गेल्या तीन वर्षांत झाला. माझं घर चर्चच्या मंडळीच्या हॉलला खेटून. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळची उपासना संपते, माणसं घरी जेवायला जातात, आणि मी जरा आडवा होतो न होतो तोच हॉलात पंक सुरू! पंक म्हणजे काय ते मला विचारू नका. दोघं गिटार बडवतात, एक ड्रम बडवतो, एक मुलगी बेंबीच्या देठापासून ओरडते आणि समोरची पोरं-पोरी एकमेकांना धडका देतात. कुणी पडलं की बाकीचे लगेच हात धरून उठवतात, एवढं मात्र मी खिडकीतून पाहिलंय.

योहानचं पुणतांब्याच्या रस्त्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वय सत्तावन्न, लग्न केलेलं नाही. चर्चचे माइक, स्पीकर, मिक्सर तोच सांभाळायचा आणि हॉलची किल्लीही त्याच्याचकडे असायची. कमिटीचा सेक्रेटरी त्याचा थोरला भाऊ, पॉल. बाप लवकर गेला तेव्हा पॉलनं स्वतःची शाळा सोडली आणि पुढं योहानला आयटीआयला घातलं. योहानला देवाच्या खालोखाल दादा. हा दादा एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात, ऊसतोडीच्या टोळ्यांवर देखरेखीला आहे.

ओरडणारी मुलगी म्हणजे पंकजा. पाथर्डीकडची, आईबाप ऊस तोडणारे. टोळीत ज्या दिवशी माणूस कामावर गेला नाही त्या दिवसाला खाडा म्हणतात. तिनं बँडचं नावच ‘खाडा’ ठेवलं. नगरला कॉलेजात असताना (एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, माझ्या तोंडात बसायला वेळ लागेल) त्यांना कुणी जागा देईना. मंगल कार्यालयवाले म्हणाले, हळदीचा डीजे लावा, हे नको. त्यांचा जळका अँप्लिफायर दुरुस्त करता करता योहाननं त्यांची गाणी ऐकली आणि तडक दादाकडे गेला. पॉलनं कपाळाला आठ्या घातल्या, पण कमिटीला पटवलं. दारू नाही, शिव्या नाहीत, चार वाजता बंद. त्याचं श्रेय त्याचं त्याला दिलंच पाहिजे.

पहिल्या रविवारी योहाननं गोंधळ घातला. बिचाऱ्याला उपदेशाचा आवाज लावायची सवय. त्यानं गिटार दाबले, ड्रमवर सतरंजी टाकली आणि पंकजाचा आवाज सगळ्याच्या वर काढला. धडका द्यायला आलेली पोरं शब्द ऐकत हाताची घडी घालून उभी राहिली. गाणं संपलं तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या मोठ्यानं “आमेन” म्हणाल्या. बँडवाले भडकले.

“काका, वाट लावली तुम्ही!” पंकजा म्हणाली.

“अगं, तू एवढी पोटतिडकीनं बोलती. मागच्याला कळायला नको?”

पुढं गिटार वाढले, पण शब्द वरच राहिले. पंकजालाच ते आवडायला लागलं. त्यातूनच एक रीत पडली. गाण्यांच्या आधी पाच मिनिटं माइक बसलेल्यांपैकी कुणाचाही. जे सलतंय ते बोलायचं, मध्ये कुणी तोडायचं नाही. ज्याचं नाव निघेल त्यालाही नंतर पाच मिनिटं. कुणी पाणी सोडणाऱ्यावर बोललं, कुणी वसतिगृहाच्या जेवणावर. एकदा एक बाई खुद्द योहानवर बोलली, की दोन महिने मोटार देत नाही. तो उठला, कबूल केलं आणि बुधवारी मोटार दिली. मीसुद्धा या आवाजाबद्दल बोललो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नंतर दुप्पट जोरात वाजवलं.

या जानेवारीत कमिटीकडे तक्रार गेली, की देवाच्या जागेत ऊसतोड्यांच्या मोर्चाची पत्रकं वाटतात. आता परवानगी ठेवायची की काढायची ते कमिटी ठरवणार होती. पॉल म्हणाला, मी स्वतः येऊन बघतो. योहानची नुसती धांदल. तीनदा हॉल झाडला, पुढच्या रांगेत दादासाठी हाताची खुर्ची मांडली. मला म्हणाला, “सर, आज नीट पार पडलं की वर्षाची काळजी मिटली. हा हॉल गेला तर ही पोरं जातील कुठं?”

पॉल येऊन खुर्चीवर बसला. पंकजानं विचारलं, आज कोण बोलणार? शेवटच्या रांगेतून रंगूबाई उठली. शिवारात उतरलेल्या टोळीतली बाई, पहिल्यांदाच आलेली. माइक कसा धरायचा तेही तिला माहीत नव्हतं. छातीशी धरून ती बोलायला लागली.

“माझी सून आरती. आठवा म्हैना हुता. फडातच अंगावर जायला लागलं. मी म्हनलं, ट्रॅक्टर द्या, दवाखान्यात नेते. तर हे म्हनले, गाडी भरल्याशिवाय कुनी जायचं न्हाई.” तिनं बोट केलं. “हे. खुर्चीवर बसलेत ते सायेब.”

मी योहानकडे पाहिलं. त्याचं बोट मिक्सरवरच्या आवाजाच्या पट्टीवर होतं. एक इंच खाली ओढली असती तरी कुणी बोललं नसतं. माइक खराब झाला म्हटलं असतं की काम झालं. मला वाटलं, ओढेल. खरं सांगतो, मी त्याच्या जागी असतो तर ओढली असती.

बाईचा आवाज बसत चालला होता. मागचे लोक माना पुढं काढत होते. योहाननं पट्टी वर सरकवली.

“गाडी भरली,” रंगूबाई म्हणाली. सगळ्या हॉलात लख्ख ऐकू आलं. “लेकरू न्हाई राह्यलं.”

ती खाली बसली. योहान उठला, तिच्याकडून माइक घेतला आणि पुढं जाऊन भावासमोर धरला.

“दादा, आता पाच मिनिटं तुझी.”

पॉलनं माइककडे पाहिलं. मग उठून हात पुढं केला. “किल्ली दे.”

योहाननं दिली. त्या दिवशी गाणं झालं नाही. पंकजा आणि पोरांनी सामान मुकाट्यानं टेम्पोत भरलं. आठवड्यात कमिटीनं परवानगी काढली, चर्चच्या मिक्सरवर दुसरा माणूस बसवला. आता ‘खाडा’ दुपारी योहानच्या दुकानामागं वाजतो आणि माझी झोप शाबूत आहे. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

परवा दुकानात गेलो. म्हटलं, हॉल घालवलास, भाऊ घालवलास, कशासाठी रे? जरा रागानंच विचारलं. तो तार गुंडाळत होता, त्याचे हात थांबले.

“हॉलचं काय न्हाई, सर,” तो म्हणाला. “मी माइक धरला ना दादापुढं, तेव्हा मनातल्या मनात नुसतं म्हणत होतो, दादा, खोटं हाय म्हण. एवढंच म्हण. बाईचं न ऐकता मी तुझं खरं धरलं असतं.”