एक्केचाळीस उणे

पेपर पाठवून झाला की माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. मार्जिनबाईंचे उलटे. काम हातावेगळे झाले रे झाले की त्यांच्या पायांना भिंगरी लागायची. खिडकी उघड, बंद कर, टेबलावरच्या पेन्सिली सरळ लाव, परत वाकड्या कर. सासूबाई म्हणायच्या, "अगं, काम असतं तेव्हा तरी तू एका जागी बसतेस. आता माझं डोकं फिरवू नकोस."

मार्जिनबाई हे काही पाळण्यातले नाव नव्हे. एकोणीस वर्षे त्या घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे शोधनिबंध परिषदेच्या साच्यात बसवून देत आल्या होत्या. परिषदवाल्यांचे नियम म्हणजे नवऱ्या मुलाच्या मावशीसारखे, कशाने रुसतील सांगता येत नाही. पाने सहाच हवीत, मजकूर दोन कॉलमांत, आकृतीचे नाव खाली, तक्त्याचे वर, समास इतकाच. लेखक मंडळी विद्वान खरी, पण टायपिंगच्या नावाने आनंदीआनंद. एका शब्दापुढे तीन स्पेस, ओळ संपली की दोन टिंबे, मनात येईल तिथे आडवी रेघ. हा केर काढून काढून बाईंच्या नाकी नऊ यायचे. म्हणून त्यांनी संगणकावर स्वतःच एक कमांड तयार करून ठेवली होती. तिला त्या झाडू म्हणायच्या. एक बटण दाबले की सगळा केर साफ. या झाडूचा त्यांना भारी अभिमान होता.

दुसरा अभिमान न वाचण्याचा. "मी पेपर वाचत नाही, बघते," असे त्या येईल त्याला ऐकवत. वाचायला लागले की डोळा अर्थामागे जातो आणि वाकडी ओळ निसटते, असे त्यांचे म्हणणे. शेवटची प्रत त्या कागद उलटा धरून तपासत, म्हणजे अक्षरे नुसती अक्षरे राहतात.

त्या दिवशीचा पेपर एका नर्सबाईंचा होता. त्यांचा पहिलाच. नोकरी सांभाळून दोन वर्षे त्यांनी आपल्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या रुग्णांची वजने घेतली होती. रुग्णालयाने जेवण बदलले, ताटात जास्त वाढायला सुरुवात केली, तरी माणसे वाळतच चालली होती. त्यांना भरवायला कोणी नाही, ताट आले तसे परत जाते, एवढेच नर्सबाईंना सांगायचे होते. भरवण्यासाठी वॉर्डात आणखी दोन माणसे द्या, ही मागणी त्या या पेपरच्या बळावर करणार होत्या. सकाळी कामावर जाता जाता त्या आल्या, शेवटच्या प्रतीवर सही केली, फोनवर आलेला सांकेतिक आकडा सांगितला आणि पेपर परिषदेच्या संकेतस्थळावर चढला. संकेतस्थळ संध्याकाळी पाचला बंद व्हायचे, मग थेट छपाई.

दुपारी जेवणानंतर सासूबाई नेहमीप्रमाणे रद्दीतली पाने घेऊन बसल्या. या घरात छापलेले काहीही वाया जात नसे, कारण सासूबाई ते वाचत. अर्धे कळायचे, अर्धे नाही, पण वाचायच्या मात्र नेटाने.

"हे काय गं?" त्या म्हणाल्या. "इथे लिहिलंय, सात नंबरची आजी दोन महिने धड जेवली नाही. आणि वरच्या तक्त्यात तिचं वजन चार किलोनं वाढलंय. हवा खाऊन वाढलं की काय?"

"काहीतरीच काय आई. नीट बघा."

"मी नीटच बघतेय. सगळीच वाढलीत. एक जण तर सहा किलो! असं रुग्णालय असेल तर मलाही नेऊन टाक."

बाईंनी पान ओढून घेतले. यावेळी सुलटे धरले. चार पूर्णांक दोन. तीन पूर्णांक एक. सहा. आकड्यांची डावी कड कशी दोरी लावल्यासारखी सरळ! काल हीच कड पाहून त्या मनातल्या मनात खूश झाल्या होत्या. त्यांनी नर्सबाईंची मूळ फाइल उघडली. तिथे प्रत्येक आकड्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ होती. उणे चार पूर्णांक दोन. उणे तीन पूर्णांक एक.

रेघा झाडूने नेल्या होत्या. एक नाही, दोन नाही, मोजल्या तर एक्केचाळीस.

मजकुरात वजने घटली आणि तक्त्यात वाढली. परिषदेत कोणीतरी उठून हेच विचारणार, लोक हसणार, आणि रुग्णालयवाले तोच तक्ता दाखवून म्हणणार, बघा, नवे जेवण मानवले की! बाईंनी एकेक रेघ हाताने परत घातली. मध्येच दोनदा उठल्या, पाणी प्यायचे म्हणून गेल्या आणि न पिताच परत आल्या. काम संपले तेव्हा पावणेचार झाले होते. पण दुरुस्त प्रत चढवायला नवा सांकेतिक आकडा लागणार, तो नर्सबाईंच्या फोनवर येणार, आणि कामावर त्यांचा फोन कुलपात. लॅपटॉप पिशवीत कोंबून बाई निघाल्या. चप्पल घातली ती सासूबाईंची.

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर कोणाला? जिने चढून त्या धापा टाकत आत शिरल्या, तेव्हा नर्सबाई एका म्हाताऱ्या गृहस्थांना चमच्याने भरवत होत्या.

"सिस्टर, जरा... पेपरमध्ये घोळ झालाय. माझ्याकडून."

नर्सबाईंनी मान वळवली नाही. "पाच मिनिटं. यांचं होऊ दे."

"पाचला बंद होतं सगळं."

"हो. पण हे मध्येच थांबले की परत तोंड उघडत नाहीत."

बाई उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून एकोणीस. आजोबा एक घास तोंडात घोळवत, मग विसरत. नर्सबाई त्यांच्या गालाला हळूच बोट लावत, की ते गिळत. मग पुढचा चमचा. बाईंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, परत या खांद्यावर आणली. हातातून चमचा घेऊन आपणच भरवून टाकावे, असे त्यांना वाटून गेले आणि त्याची लाजही वाटली. आपण एक्केचाळीस वेळा काय पुसले होते, ते आता त्यांच्या डोळ्यांसमोर चालले होते. वाटी संपायला अठरा मिनिटे लागली.

मग कुलपातला फोन आला, त्यावर आकडा आला, प्रत चढली. पाचला बारा मिनिटे कमी होती.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "तुम्ही सकाळी सही केलीत, तेव्हा तुमच्याही नजरेला आलं नाही?"

नर्सबाई ओशाळल्या. "खरं सांगू? मी पाहिलंच नाही. तुम्ही बघितलंय म्हटल्यावर मी कशाला बघू?"

"आणि परीक्षक? त्यांच्याकडे गेलेली प्रतही मीच केली होती. तिच्यातही रेघा नव्हत्या."

नर्सबाईंनी फोनवर परीक्षकांचा शेरा काढून दाखवला. दोघांनी पेपर मंजूर केला होता. एकाने वर लिहिले होते, 'तक्ते विशेष सुबक.'

घरी येईपर्यंत बाईंच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. झाडूत ही रेघ कधीपासून आहे? आणि एकदम आठवले. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी प्रत्येक ओळीपुढे रेघ ओढून तक्ता पाठवला होता. तेव्हा वैतागून त्यांनी झाडूला रेघाही काढायला शिकवले होते. त्यानंतर नर्सबाईंचा सोडून सव्वीस पेपर झाले. दिवे लागेपर्यंत त्यांनी सव्वीसही मूळ फाइली उघडून पाहिल्या. त्यांतल्या सहांत उणे आकडे होते. सहाही छापून झालेले.

त्यांनी पहिला नंबर फिरवला. पूल बांधण्याच्या लोखंडावर पेपर लिहिणारे एक प्राध्यापक होते. बाईंनी सगळे सांगितले, कुठला तक्ता, कुठल्या ओळी, चूक कोणाची. परिषदवाल्यांना दुरुस्तीचे पत्र आपण आजच लिहून देऊ, असेही सांगितले.

"कोणाच्या लक्षात आलंय का?" प्राध्यापकांनी हळूच विचारले.

"माझ्या," बाई म्हणाल्या.